दाजींनी आमच्या तळघराची तारीफ केली

तीर्थरूप दाजींना धाकट्या मेव्हण्याचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना दुखतो, असं ताई सांगत होती. उतरताना दुखत नसावा, कारण आमच्या तळघरातल्या बारच्या पायऱ्या तुम्ही त्या दिवशी फार तडफेने उतरलात. (तुम्हाला तिथे नेण्याची बुद्धी मलाच झाली. हे श्रेय मी दुसऱ्या कुणाला घेऊ देणार नाही.)

तुमच्या सदरातला लेख वाचला. ‘कुणालाही ठाऊक नसलेली जागा’ असं शीर्षक आणि खाली नकाशा! दाजी, हे तुम्हीच करू जाणे. पुढच्याच शुक्रवारी रांग पायऱ्या चढून वरच्या लॉन्ड्रीपर्यंत गेली. लॉन्ड्रीवाला बिचारा समजला, आपल्या इस्त्रीची कीर्ती पसरली.

तिथल्या अंधुक उजेडाला तुम्ही ‘गूढ’ म्हणालात. तो दिवा बिघडला होता. बारच्या मालकांनी (आम्ही त्यांना कप्तान म्हणतो, जहाज त्यांनी फक्त कॅलेंडरवर पाहिलंय) लाजेखातर तो दुरुस्त करून घेतला, तर नवी गिऱ्हाइकं भांडायला उठली की लेखातला उजेड कुठे गेला. शेवटी त्याच इलेक्ट्रिशियनला बोलावून दिवा पुन्हा बिघडवून घेतला.

आमचे दातांचे डॉक्टर दिवसभर लोकांचं विव्हळणं ऐकून संध्याकाळी तिथे अ‍ॅकॉर्डियन वाजवायचे. सूर चुकला की आम्ही हसायचो, तेही हसायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. तुम्ही त्याला ‘जाणीवपूर्वक बेसूर वादन’ ठरवलंत. झालं! सूर चुकला की टाळ्या पडू लागल्या, मोबाइल वर होऊ लागले. डॉक्टरांनी हट्टाने घरी सराव केला आणि एक अख्खं गाणं बिनचूक वाजवलं. त्यावर एक तरुण ओरडला, “काका, ओरिजिनल वाजवा ना!” डॉक्टरांनी वाद्य पेटीत ठेवलं, कोट चढवला आणि निघून गेले. पुन्हा तिथे आले नाहीत. (या कंसात विनोद करणार होतो, पण सुचला नाही.)

मग माझी पाळी. कप्तान टेबलाशी येऊन घुटमळले. “रागावू नका, पण जरा आटपता का? बाहेर लोक उभेत.”

“कप्तान, माझं लग्न ठरलं ते मी आईच्या आधी तुम्हाला सांगितलं होतं!”

“म्हणून तर तुम्हाला सांगतोय,” ते म्हणाले. “परक्याला कुठल्या तोंडाने उठवू?”

मी उठलो. माझी खुर्ची थंड व्हायच्या आत तिच्यावर बसून कुणीतरी फोटो काढला. तुमच्या लेखणीला असंच यश लाभत राहो, पण दुसऱ्या गावी.

आपला,
सध्या घरीच बसणारा मेव्हणा

ता. क. अगदीच घरी बसत नाही. आम्हाला नवी जागा सापडलीय. डॉक्टरही तिथे वाजवतात, हवं तितकं चुकतात. पत्ता मात्र जीव गेला तरी सांगणार नाही.

आणखी ता. क. ताई दर गुरुवारी शिवणाच्या क्लासला जाते ना? ती खरं तर आमच्या या नव्या जागी येते. गाते. ‘ह्यांना कळलं तर लेख लिहितील’ म्हणून तिने सगळ्यांना शपथ घातलीय. पण दाजी, काय गाते हो! आयुष्यात एकदा तरी ऐकावंच असं. छापखान्याच्या मागच्या बोळात या, निळं दार आहे, दोनदा टकटक करा. फक्त तुम्हाला म्हणून सांगतोय, कुठे बोलू नका.