पट्टीवरची दुसरी रेघ

प्रति,
मा. दूध व पशुखाद्य तपासणी अधिकारी,
तपासणी कार्यालय, तळमजला.

विषय : मला पट्टीवर दुसरी रेघ दिसत नसल्याने आमच्या गोठ्यातील दूध प्रयोगशाळेत तपासून मिळणेबाबत.
संदर्भ : आपण वाटलेल्या दूध-तपासणी पट्ट्यांच्या डब्यातील माहितीपत्रक.

महोदय,

१. मी निवृत्त ग्रंथपाल असून मुलाच्या गोठ्यावर राहतो. घरात बारीक अक्षर मीच वाचतो, एवढ्याच गुणावर पट्टी तपासण्याचे काम माझ्याकडे आले. पत्रकानुसार, पेंडीतल्या बुरशीचे विष दुधात उतरले असेल तर दुधात बुडवलेल्या पट्टीवरची खालची, म्हणजे दुसरी, रेघ उमटत नाही. दोन्ही रेघा उमटल्या तर दूध निर्धोक.

२. नवी, जरा कुबट वासाची पेंड आल्यापासून मला एकच रेघ दिसते. मुलगा म्हणाला, "आहे की बाबा! अंधुक आहे, पण आहे. चष्मा पुसा." सुनेने पट्टी खिडकीशी धरली. तिलाही रेघ दिसली. अशा रीतीने घरात रेघ बहुमताने मंजूर होऊन दूध केंद्रावर जाते.

३. चूक माझीच असण्याचा संभव आहे. चष्मेवाल्याने डोळे वयाच्या मानाने ठीक ठरवले. वयाच्या मानाने म्हणजे किती, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. मग शेजारच्या गोठ्यातले दूध मागून आणले. त्यात मला दोन्ही रेघा स्वच्छ दिसल्या. मुलगा म्हणतो, "मनात भरलं की तसंच दिसतं माणसाला." तेही अगदी खोटे नसावे.

४. वापरलेली पट्टी जोडली असती. परंतु काही मिनिटे उलटल्यावरची रेघ धरू नये, असे पत्रक सांगते. म्हणून दूधच पाठवीत आहे. आपण स्वतः पाहावे. रेघ दिसल्यास मला या कामातून मुक्त करावे. मी मुलाची माफी मागेन.

५. हे लिहावे की नाही, कळत नाही. आज सकाळी नातीचा दुधाचा पेला मी मुद्दाम सांडला. "राहू द्या बाबा, हात थरथरतो तुमचा," असे म्हणून सुनेने तो पुन्हा भरला. मी तोही सांडला. तेव्हा तिने माझ्याकडे नीट पाहिले. संध्याकाळी हात थरथरल्याचे कोणी मानणार नाही. तरी धारा काढण्यापूर्वी यावे, ही कळकळीची विनंती.

आपल्या वाटेकडे डोळे लावून,
(सही)
गोठेवाल्याचे वडील
दिनांक : आजचाच

सोबत :
१. बर्फात ठेवलेली दुधाची बाटली
२. कोरी पट्टी, एक
३. माझा चष्मा (गरज भासल्यास)