करंजोळची चूल

३ डिसेंबर
आले एकदाची पुण्याला! दोन वर्षं दोन गावांत संसार केल्यावर अवधूत आणि मी आता एका छपराखाली. हडपसरचा फ्लॅट काडेपेटीएवढा आहे, पण नवऱ्याचं ऑफिस जवळ. माझं उत्खननाचं ठिकाण, करंजोळचं टेकाड, अर्ध्या तासावर. म्हणजे ट्रॅफिकनं कृपा केली तर. फार खूश आहे मी.

५ डिसेंबर
करंजोळ शेकडो वर्षांपूर्वी ओस पडलं. टेकाडावर इमारती बांधू पाहणारा बिल्डर म्हणतो, इथे गाव नव्हतंच. शेजारच्या वस्तीवाले म्हणतात, गाव आमच्या पूर्वजांचं, हात लावू नका. दोघांचं एकाच बाबतीत एकमत आहे: मी नको.

९ डिसेंबर
घराचा पाया आणि अख्खी चूल सापडली! उद्या बातमीदारांसमोर तिच्यावर चहा करणार. मग म्हणू दे बिल्डरला, गाव नव्हतं. खात्याच्या साहेबांना कळलं तर मलाच चुलीत घालतील. वस्तीवरची म्हातारी मुक्ताई हातापाया पडली. “चूल पेटली की घर वसतं, ताई. मग त्याला मानसं लागत्यात.”

१० डिसेंबर
बातमीदारांनी नुसते फोटो काढले. मी चहा घेत नाही. बघायला आलेल्या अवधूतनंच दोन कप रिचवले. दिवेलागणीला एक बाई खापर घेऊन विस्तव मागायला आली. मजुरांपैकी असेल. तिन्हीसांजेला विस्तव देऊ नये म्हणतात, पण थंडी होती, दिला.

११ डिसेंबर
मजुरांत अशी बाई नाही. शेजारच्या, न खोदलेल्या जागेतून धूर येतोय. माझ्या चुलीत लाकूड नाही, तरी ती पेटलेलीच.

१३ डिसेंबर
आज पाच ठिकाणी धूर. मजूर पळाले. अवधूत जेवत नाही. म्हणतो, घरी जाऊन जेवेन. घरीच तर आहोत आपण —

१४ डिसेंबर
अवधूत नाही. फोन इथेच. मुक्ताईनं दार उघडलं नाही. आतूनच म्हणाली, ज्या चुलीचं प्यायला, त्या चुलीचा झाला तो.

संध्याकाळ
सगळ्या टेकाडावर चुली. अवधूत माझ्या चुलीपाशी भाकरी खातोय. हाका मारल्या. त्याला ऐकूच येत नाही —

चुलीवर पाणी ओतलं. विझली. अवधूत तसाच बसलाय. हात गार. श्वास — देवा, मी काय केलं —

ती बाई आली आहे. खापरात विस्तव. म्हणते, तुम्ही दिला होता, आता आमचा घ्या. पेटवलीत तर उठेल तो. मात्र तुम्हीही इथंच जेवायचं.

घेतला.

फुंकते आहे. त्याची बोटं हलली. तो भाकरी मोडून माझ्या तोंडाशी ध