ओरखडा पडलेली प्रत

लॅडब्रोक ग्रोव्ह, लंडन
७ ऑक्टोबर १९९१

प्रिय अँसेल्म,

पाकिटावरचं अक्षर ओळखलं असशीलच, आणि तरी ते फोडलंस म्हणजे अर्धं काम झालं. अठरा वर्षांनी बहिणीचं पत्र आलं की माणसाला वाटतं, कोणीतरी गेलं. कोणी गेलेलं नाही. मी धडधाकट आहे, गुडघे सोडले तर. तू लहानपणी म्हणायचास ना, की शेजारच्या घरात काय शिजतंय ते ओडेटला आपल्या चुलीच्या आधी कळतं? ती खोड अजून गेलेली नाही. गेले पाच आठवडे मला एकाच प्रश्नाने छळलंय. आपल्या रेकॉर्डच्या तुझ्या प्रतीचं तू काय केलंस? जपलीस, की फेकून दिलीस?

सुरुवात झाली जॅसिंथच्या सलूनमध्ये. ऑगस्टचा शेवटचा शनिवार, भरदुपार. डोक्यावर केस सरळ करायचं क्रीम थापलेलं, म्हणजे हलायची सोय नाही. रेडिओवर हल्लीचं काहीतरी धडाड-धूम चाललं होतं. आणि अचानक त्यात माझी बासरी वाजली. अँसेल्म, मी स्वतःचा श्वास ओळखते. लहानपणी आपल्या बेटावर, रोझोच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर क्लेमेंटीनने ज्या चोरट्या श्वासासाठी माझ्या बोटांवर पट्टी मारली होती, तोच श्वास. मी ताडकन उठले. जॅसिंथ ओरडली, मावशी, बसा खाली, कान भाजेल! मी म्हटलं, अगं ही बासरी मी वाजवलेय. तर ती बाकीच्या बायकांना डोळा मारून म्हणते कशी, हो का? मग मागचे ड्रम राणीसाहेबांचे असतील! सगळ्या खिदळल्या. ड्रम तुझे होते. आणि माझ्या श्वासाच्या लगेच पुढे, दर फेऱ्याला, बारीकसं 'टक्' वाजत होतं.

तुझ्यापर्यंतही ते गाणं पोचलंच असणार. 'संडे कोट' म्हणतात त्याला, पहिल्या दहांत आहे, टीव्हीवरही झालं. बेकरीत तेच, लाँड्रीत तेच, आमच्या चर्चचा ऑर्गनवाला प्रार्थना संपल्यावर हळूच तेच वाजवतो आणि पाद्रीबाबा न ऐकल्यासारखं करतात. जुन्या रेकॉर्डचा तुकडा घेऊन तोच पुन्हा पुन्हा फिरवत नवं गाणं करायचं, या प्रकाराला ॲसिड जॅझ असं नाव आहे. यात ॲसिड कुठे आहे ते मी चौघांना विचारलं, चौघांनी चार उत्तरं दिली. आपण बहात्तर साली तळघरात बसून जे वाजवलं त्याला काही नावच नव्हतं, आणि ते विकत घ्यायलाही कोणी नव्हतं. तीनशे प्रती काढल्या, लग्नांत आणि चर्चच्या हॉलमध्ये पिशवीतून विकल्या. आठवतं?

घरी येऊन मी माझ्याकडच्या तिन्ही प्रती लावल्या. एकीतही 'टक्' नाही. तेव्हा याचा माग काढायचं मी ठरवलं. कारण त्या जागी ओरखडा असलेली एकच प्रत मला माहीत आहे. तो ओरखडा मीच पाडलाय. तू जर्मनीच्या दौऱ्याला दुसऱ्या बँडबरोबर निघालास, आणि जायच्या आदल्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरात आपलीच रेकॉर्ड लावून बसलास. माझ्या बासरीनंतर तुझे ड्रम सुरू व्हायचे, तेवढ्यात मी सुईचा दांडा हिसडला. या घरात तुझे ड्रम पुन्हा वाजणार नाहीत, म्हणाले. तू रेकॉर्ड पाकिटात घातलीस आणि गेलास. दौऱ्याचं मला काही नव्हतं, अँसेल्म. मला न विचारता ठरवलंस, आणि मागे मी एकटी उरणार होते, याचा तो राग होता. हे तेव्हाच सांगायला हवं होतं. चूक माझी होती.

गाणं बनवणाऱ्याचा पत्ता जॅसिंथनेच काढला. गॅरी पेनफोल्ड, रॉमफर्डचा, हनुवटीला चार केस आणि घरातही टोपी. दर रविवारी दुपारी कॅम्डनला कालव्याकाठी रेकॉर्ड लावतो आणि दोनशे पोरं घाम गाळत नाचतात. मी गेले, चर्चच्या कपड्यांत, हातात पर्स. बासरी माझी, असं सांगताच बिचारा पांढराफटक पडला, त्याला वाटलं मी वकील घेऊन आलेय. मी म्हटलं, बाळ, मला एवढंच सांग, ती रेकॉर्ड कुणाची? तर त्याला माहीतच नाही! या पोरांची रीत ऐक. चांगली जुनी रेकॉर्ड सापडली की ती रात्रभर पाण्यात भिजवायची आणि लेबल खरवडून काढायचं, म्हणजे दुसऱ्या कोणाला नाव कळू नये. दुसऱ्यांपासून लपवता लपवता स्वतःलाही नाव माहीत नाही, असं हे शहाणं बाळ. पण म्हणाला, काकू, एक आठवतंय, त्यावर पेनाने कोणीतरी काहीतरी लिहिलं होतं, सिंकमधलं पाणी निळं झालं होतं. 'अँसेल्मला, ज्याच्यामुळे माझा ताल चुकत नाही' असं मीच लिहिलं होतं, निळ्या शाईने, फक्त तुझ्या प्रतीवर.

मी त्याला विचारलं, तो ओरखडा का नाही काढलास, तुमच्याकडे तर यंत्रं आहेत. म्हणाला, काकू, तीन दिवस काढून बघितला. गाणं पडतंच. लोक टाळी त्याच्यावरच देतात! आणि खरंच, तेवढ्यात त्याने ते लावलं, आणि दोनशे पोरांनी बरोब्बर त्या जागी टाळी दिली. माझ्या रागावर, अँसेल्म. हसावं की रडावं कळेना, मी दोन्ही केलं. पुढच्या छपाईवर आपली नावं घालणार आहे. ड्रमवर कोण, त्याने विचारलं. मी म्हटलं, माझा भाऊ. हे शब्द किती दिवसांनी तोंडातून निघाले!

पण मग ती त्याच्याकडे आली कशी? पोर्टोबेलोच्या बाजारातून, पुलाखालच्या डॉटच्या गाड्यावरून. डॉट सत्तरीची आहे, दहा बोटांत बारा अंगठ्या. आधी उडवून लावलं मला. म्हणे, बाई, रोज शंभर रेकॉर्डी जातात, मी काय त्यांची आई आहे? मी म्हटलं, ओरखडा होता. तशी ती थबकली. म्हणाली, अगं बाई, तो हट्टी गृहस्थ! मग बिस्किटांच्या डब्यातून तिने चिठ्ठी काढली. घर बदलताना बायकोने चुकून तो खोका देऊन टाकला, म्हणत तीन शनिवार तो आला होता. डॉटला दया आली, तिने कुठून तरी तीच रेकॉर्ड मिळवून दिली, कोरी करकरीत. तर त्याने हात लावला नाही. म्हणाला, ही नको. ओरखडा पडलेलीच हवी.

चिठ्ठीवर ल्यूटनचा पत्ता होता आणि तुझं अक्षर. त्याआधी बारा वर्षं विल्झडनला होतास म्हणे. माझ्या दारावरून जाणाऱ्या बसने वीस मिनिटं! आणि मी वेडी इतकी वर्षं जर्मनीचे हवामान अंदाज ऐकत बसले.

तर माझ्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालंय, आणि हे पत्र विचारायला नाही, सांगायला लिहितेय. तुझी रेकॉर्ड माझ्याकडे आहे. गॅरीने काल स्वतः आणून दिली, लेबलाशिवाय, पांढऱ्या पाकिटात. ती मी टपालाने पाठवणार नाही. सत्तावीस वर्षं टपाल कचेरीत पत्रं निवडण्यात काढली आहेत, असल्या पाकिटांचं काय होतं ते मला ठाऊक आहे. तू ये. येत्या रविवारी ये, बायकोलाही आण, तिचं नाव जाणून घ्यायला मी किती उतावीळ आहे हे तुला कळतंच. खारा मासा आणि डशीनचे कंद करते, आपल्या बेटावरच्यासारखे. रेकॉर्ड मी अजून लावलेली नाही. बासरीनंतरचे तुझे ड्रम तुझ्याबरोबर ऐकायचे राहिलेत. सुई तूच ठेव. या वेळी मी हात लावणार नाही.

तुझीच, जरा जास्तच चौकस,
ओडेट