शिलाईवाली ताई गेली तो रविवार

बाई, तुमच्या माघारीही रामवाडीतली तुमची चाळ अजून उभी आहे आणि आम्ही दोघी अजून त्याच खोलीत राहतो. शाळेत तुम्ही मला शिकवलंत, पण खरी ओळख झाली ती पेणमध्ये आम्हाला कुणी जागा देईना तेव्हा. सगळे विचारायचे, "बहिणी का?" तुम्ही एवढंच विचारलंत, "मासे खाता ना?" आमच्या आधी तुमच्याकडे डोलवीच्या कंपनीत शिफ्ट करणारे ते दोघे होते, एकमेकांवर जीव असलेले. मग शेवटच्या खोलीत शिलाईवाली ताई आली. कागदोपत्री ती पुरुष होती, आमच्यासाठी ताई. ती आली आणि आळी बोलू लागली.

त्या रविवारी दुपारी तुम्ही ओट्याशी कोलंबी सोलताय, मी नारळ खवतेय, आणि आळीतले चौघे चपलांसकट दारात. "बाई, बाकीच्यांचं चालवून घेतलं. तिला काढा. घराघरात पोरं हायेत." तुम्ही हातही धुतले नाहीत. "माझ्या घरात कोण राहील ते मी बघीन." त्यातला एक माझ्याकडे वळला. "तू शेजारी राहतेस. तुला नाय त्रास होत तिचा?" ताईच्या खोलीतलं शिलाई मशीन थांबलं. तिची बाजू घेतली तर पुढचं बोट आमच्यावर येणार, एवढंच मला सुचलं. मी म्हटलं, "होतो थोडा."

ते गेल्यावर तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "भीती मलाही वाटली गो. पण मी खोटं नाय बोलले." संध्याकाळी ताईने मशीन टेम्पोत चढवलं. तुम्ही थांब, थांब म्हणत फाटकापर्यंत गेलात. ती म्हणाली, "बाई, तुमच्यावर राग नाय." माझ्या दाराकडे तिने पाहिलंच नाही.

आता आळीत आमच्यासारखी आणखी तीन घरं आहेत. जागा शोधत कुणी आलं की रिक्षावालेच सांगतात, बाईंच्या चाळीत विचारा. नवी मुलं विचारतात, हे सुरू कसं झालं? तुम्ही चौघांना कसं परतवलंत ते मी रंगवून सांगते. माझं वाक्य गाळते.

गेल्या महिन्यात रोह्याच्या बाजारात तिचं दुकान शोधून काढलं. तिने ब्लाउजचं माप घेतलं, चष्म्याआडून एकदा नीट पाहिलं. माफी ओठांवर आली होती. तेवढ्यात तिने वही उघडून नाव विचारलं आणि मी भलतंच सांगितलं.

हे पत्र तिला लिहायला हवं होतं, बाई. तुम्हाला लिहिणं सोपं गेलं.