फळ्यावर सुविचाराऐवजी

८ जानेवारी, सोमवार
नाही लिहिला सुविचार! रिटायर झाल्यापासून सहा वर्षं चाळीच्या जिन्याखालचा फळा मीच लिहिते. शाळेतल्या बाई, अक्षर चांगलं, म्हणून मंडळाने गळ्यात मारलेलं काम. आज 'घर हेच मंदिर' लिहायला गेले आणि किळस आली. काल संध्याकाळी माझ्या डोक्यावरच्या खोलीत विनीत बायकोला मारत होता. ताट पडलं. मग अनुजाचा आवाज — "अहो नको, अहो नको!" मारणाऱ्यालाही अहो!

मी वर गेले नाही. टीव्ही मोठा केला. खरं ते खरं.

आज लिहिलं — 'काल संध्याकाळी सव्वासात ते आठ, खोली ३१ मध्ये एका बाईला मार बसत होता. आपण सगळे घरीच होतो.' नाव घातलं नाही. तेवढं भान ठेवलं.

दहा वाजता पुसलेलं!

९ जानेवारी
मंडळाचा सेक्रेटरी कमलाकांत घरी आला. त्यानेच पुसायला लावलं. "बाई, फळा मंडळाचा आहे. पाण्याची वेळ, कोणाची मयत, सुविचार. बस! हा त्यांचा घरगुती मामला आहे."

घरगुती! गॅस लीक झाला तर घरगुती म्हणून गप्प बसशील का रे?

"बिल्डरची माणसं येतात बघायला. चाळीची लाज जाते." मारणाऱ्याने नाही घालवली, मी घालवली! कमलाकांतची बायको सुमती वहिनी मागे उभी होती, हातात ओलं फडकं. म्हणजे हुकूम याचा, पुसायचं तिने. संताप आला नुसता.

१० जानेवारी
गॅलरीत अनुजाने गाठलं. ओढणी गळ्याभोवती घट्ट. "बाई, खोली नंबर कशाला घातलात? 'खाली जाऊन सांगतेस काय' म्हणून परवा डबल मारलं मला."

मूर्ख मी! मूर्ख! चाळीत खोली नंबर म्हणजेच नाव. दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे तिला एकतीसवाली म्हणतात. छत्तीस वर्षं या चाळीत काढली आणि हे कळू नये? तिला एकदा विचारलंही नाही. शूर व्हायचं होतं मला, पाठ तिची!

११ जानेवारी
फळा कोरा ठेवला.

१३ जानेवारी, शनिवार
अनुजा स्वतःहून आली. चहा अर्धाच प्यायली. म्हणाली, "लिहा बाई. पण माझ्याबद्दल नको. ऐकणाऱ्यांबद्दल लिहा." काय बोलली पोरगी!

"आणि १८१ लिहा, बायकांच्या हेल्पलाइनचा नंबर. मी लावला होता, बोलतात नीट." उद्या भाऊ येणार आहे, अँटॉप हिलहून. ती जाणार. विनीतला माहीत नाही.

तिला वाचून दाखवलं, तिने मान हलवली, मगच खाली उतरले. 'मारल्याचा आवाज आला तर दार वाजवा. साखर मागा, विरजण मागा, काहीही मागा. पण वाजवा. — १८१.'

पुसलं. परत लिहिलं. पुसलं. परत लिहिलं. चार वेळा! कमलाकांत म्हणतो, "बाई, तुम्हाला कामधंदा नाही का?"

नाही! रिटायर आहे मी!

१५ जानेवारी
काल संध्याकाळी तिची बॅग विनीतच्या नजरेला पडली आणि तो मारत सुटला. मी जिना चढेपर्यंत तीस नंबरमधल्या गंगुबाई दारावर हजर. सत्तरीच्या, गुडघे गेलेले, हातात वाटी. धडाधड दार वाजवत होत्या — "अनुजा, वायच साखर दी गो!" मग बत्तीसवाली आली. मग मी. बघता बघता सहा जणी, सहा वाट्या!

विनीतने दार उघडलं. एरवी जिन्यात 'काय बाई, बरंय ना?' विचारणारा गोडबोल्या. "साखर नाहीये" म्हणाला! गंगुबाई म्हणाल्या, "मग तुझी बायको दी." अनुजा बॅग घेऊन आमच्यामधून बाहेर पडली. भाऊ टॅक्सी घेऊन नाक्यावर उभा होता. जिना उतरताना एकदाही मागे बघितलं नाही तिने.

रडले मी. रागाने की आनंदाने, देव जाणे.

१६ जानेवारी
अनुजाचा फोन. भावासोबत पोलिसांत जाऊन आली. आवाज बसलेला, पण जेवली म्हणाली.

१७ जानेवारी, बुधवार
सकाळी साडेसहाला खाली उतरले तर फळा आधीच भरलेला. अक्षर माझं नाही. वेडंवाकडं, खडू दाबून दाबून लिहिलेलं —

'मी सुमती. खोली चार. काल सव्वाआठ ते नऊ. दार कोणीच वाजवलं नाही.'

कमलाकांतची सुमती!

वाजवलं दार. तिला बाहेर घेतलं. दोघी फळ्यासमोर खुर्च्या टाकून बसलोय, वही मांडीवर आहे. येऊ दे पुसायला!