दोघांच्या फोटोला एक हार

ती. वन्संना नमस्कार,

(बसूनच. वाकले तर गुडघे परत उठू देत नाहीत.) तुमची कंबर कशी आहे? फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि ऐकू येतंय असं तुम्ही सांगता, म्हणून लिहिते. मी जिवंत आहे. पालेगावात उलट बातमी पोचली असेल तर ती चूक आहे, आणि चुकीचं मूळ उल्हासनगरात आहे.

त्या सकाळी मी पाणी भरलं, केर काढला आणि ह्यांच्या वर्षश्राद्धाचे वडे तळायला घेतले. (तुम्ही कंबरेमुळे आला नाहीत ते बरंच झालं.) बाहेर जयदेव नवा फोटो भिंतीवर लावत होता. फ्रेमचं पुडकं मी आदल्या दिवशी दुकानातून बांधून दिलं तसंच, न उघडता आणून ठेवलं होतं. थोड्या वेळाने वरच्या मजल्यावरच्या गयाबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या, माझ्याकडे बघितलं, बाहेर जाऊन भिंतीकडे बघितलं, परत आल्या आणि हळूच विचारलं, "कुंदाताई, तुमचंपण आजच आहे का?"

जाऊन बघते तर फ्रेममध्ये आम्ही दोघं, आणि दोघांना मिळून एक चंदनाचा हार.

झालं असं. ह्यांचा एकट्याचा फोटो आमच्याकडे एकच, कंपनीच्या ओळखपत्रावरचा, आणि त्यात ते पकडून आणल्यासारखे दिसतात. बरा फोटो म्हणजे अंबरनाथच्या जत्रेत काढलेला, तिशीतला, दोघांचा. मी म्हटलं होतं, पोट आत घ्या. त्यावर ते हसले आणि पोट बाहेरच राहिलं. तोच घेऊन मी उल्हासनगरच्या फ्रेमवाल्या सिंधी भाऊंकडे गेले. मोठा करा म्हटलं, हार पण घाला. त्यांनी विचारलं, "दोनों का?" मला वाटलं, मोठा करण्याबद्दल विचारतायत. हो म्हटलं. त्यांनी गल्ल्यावरून उठून मला खुर्ची दिली, चहा मागवला, डोळे पुसले आणि म्हणाले, "बेटा-बहू दोनों चले गए, माँ को छोड़ गए." वन्सं, मला वाटलं त्यांच्या घरचं काही सांगतायत. मीही डोळे पुसले.

फोटोतली ती बाई मी, हे त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. नंतर आरशात बघितलं. त्यांची काही चूक नाही. हे आता कायम तिशीतच राहणार. मी आत्ताच त्यांची आई दिसते, अजून जगले तर आजी दिसेन.

त्यात सूनबाईंनी, म्हणजे मीनलने, घाईत तो फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. मला श्रद्धांजल्या आल्या. मी चष्मा लावून सगळ्या वाचल्या. काकू फार प्रेमळ होत्या, असं दिसतंय. इतकी वर्षं कुणी कळू दिलं नव्हतं. दिपेशला माझ्या पुरणपोळ्यांची आठवण येणार आहे. (त्याला मी आयुष्यात पुरणपोळी वाढलेली नाही.)

वाचता वाचता मनात आलं, माणूस फोटोत आधी कुणाच्या तरी कडेवर असतो, मग मागच्या रांगेत उभा, मग त्याला पुढे खुर्चीत बसवतात, आणि मग भिंतीवर. मी खुर्चीपर्यंत आले आहे. चुकून एक दिवस पुढे जाऊन आले, एवढंच.

जयदेव मात्र फार ओशाळला. मला हारात बघून त्याचा चेहराच उतरला होता, पण मीच तसा करून आणला असेल असं समजून त्याने तो लावला. म्हणाला, "आई, तुला कॉम्प्युटरवर काढून टाकतो. कळणारपण नाही." मी विचारलं, त्यांच्या खांद्यावर माझा हात आहे, त्याचं काय? तर म्हणे हातपण जातो. मीनल म्हणाली, खांदा नवीन बसवून देतात. मुलं वाईट नाहीत, वन्सं. पण त्या खांद्यावर हात ठेवायला मला आता तेवढीच जागा उरली आहे. ती मी देणार नाही.

तुमची भावजय,
कुंदा (हयात)

ता. क. पत्र खरं म्हणजे यासाठी. रविवारी जयदेव ह्यांचा एकट्याचा फोटो मागायला तुमच्याकडे येईल. तुमच्या लग्नातला आहे तुमच्या कपाटात, मला माहीत आहे. नाही म्हणून सांगा. पुरात गेला म्हणा. (तुमच्याकडे पूर येत नाही, तेव्हा आधी मांजर्लीला आमच्याकडे दिला होता, मग पुरात गेला, असं म्हणा.)

आणखी एक. श्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी मी स्टुलावर चढून हार सोडवला, मधोमध कापून गाठी मारल्या, निम्मा ह्यांच्या बाजूला लावला आणि निम्मा डब्यात घालून ठेवला.