उन्हावर शिजलेला भात

४ जाने. १९८४, बुध.
पॉवर हाऊसची साप्ताहिक सुट्टी. सहाची एस.टी., चांदवडच्या अलीकडची शाळा. नववीला माझा दर बुधवारचा ऊर्जेचा तास, आजचा चौथा. कोळसा, वाफ, टर्बाइन... कामावर रोजचंच, खडूने सांगताना मात्र घाम फुटतो. शेवटी सूर्यचूल सांगितली. सुमन नावाची मुलगी उठली. "सर, उन्हात पापड वाळत्यात. भात कसा शिजंल?"
बरोबर आहे तिचं. खाल्ल्याशिवाय पटायचं नाही.

११ जाने.
मुख्याध्यापकांना सांगितलं, सूर्यचुलीची पेटी आणून मैदानात भात शिजवतो, मुलांना खायला देतो. बाजूला घेतलं मला. "शिजवून दाखवा की. फक्त मुलांना खायला देऊ नका. पालक बोलतील."
आम्ही बौद्ध, त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत. कोळसा शिकवायला चालतो, भात द्यायला चालत नाही. भयंकर राग आला. तसाच वर्गावर गेलो, तिथेच चुकलं.

१२ जाने.
सौ.ला सांगितलं. म्हणाली, "तांदूळ मी निवडून देते. खाणारे खातील. तुम्ही पेटी न्या." तिचा हिय्या माझ्यापेक्षा मोठा.

१८ जाने.
पेटी एस.टी.च्या टपावर. कंडक्टर : "काय हाय यात?" म्हटलं, अजून काही नाही.
साडेदहाला मैदानात मांडली. पोरी घरच्या सवयीने दर पाच मिनिटांनी झाकण उघडून बघायच्या, शिजला का! सगळी ऊब गेली. मधल्या सुट्टीला भात कच्चा.
मु.अ. खुशीत. "प्रयत्न झाला ना. पुढच्या बुधवारी गणिताचा जादा तास घेऊ."
"नाही. पुढच्या बुधवारी पुन्हा भात. आणि मुलं खाणार." व्हरांडाभर ऐकू जाईल असं बोललो.

२५ जाने.
झाकणाला कोणी हात लावला नाही. ऊन कडक. दीडला उघडलं, भात मोकळा शिजलेला.
पानं वाढली. मु.अ. दारात उभे. एकही हात पुढे येईना. मी आधी घास घेतला. म्हटलं, "तांदूळ माझ्या घरचे. खायचा त्यांनी खा. नसेल खायचा त्यांनी किती वेळ लागला ते लिहून घ्या."
 मी दुसरा घास घेतला.
सुमन उठली. पान घेतलं, खाल्लं. "सर, मीठच नाय यात!"
हशा. आणखी सहा जणी आल्या. बाकीच्यांनी वेळ लिहिली. मला रडू येत होतं, पेटी पुसत बसलो.
निघताना मु.अ. : "सोमवारी पालक येणारेत. तास ठेवायचा की नाही, कळवतो."

३१ जाने., मंगळ.
पत्र नाही, निरोप नाही. तासाचं मी बघून घेईन. सुमनच्या घरी काय झालं असेल, याचाच घोर. बोलणी बसली असतील? तिची शाळाच बंद केली तर? मी हट्टाला पेटलो आणि उठावं लागलं तिला.
तरी भात पुन्हा करणारच. सौ.ने तांदूळ निवडलेत, मिठाची पुडी वेगळी.
उद्या सहाची गाडी. सुमन वर्गात दिसू दे.